मामा सुमू

"पोरीला तिकडे सुमू म्हणून हाक मारू नकोस," सगुणाआत्या म्हणाल्या. "सुमन म्हण, चिमणी म्हण, वाटेल ते म्हण. सुमू तेवढं नको."

आमच्या निरोपाची उपासना नुकतीच संपली होती. नगरच्या आमच्या चर्चमागच्या शेडमध्ये लोक चहाचे कागदी पेले घेऊन उभे होते, आणि जो येई तो सलाम करून, माझा हात हातात घेऊन एकेक सल्ला देऊन जाई. मच्छरदाणी इथूनच शिवून न्या. पासपोर्टच्या झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवा. हिंग विसरू नका. सव्वादोन वर्षांची सुमन माझ्या कडेवर बसून बटाटेवड्यातली मिरची शोधत होती आणि सापडली की माझ्या खांद्याला पुसत होती. माझा जीव सगळा सामानाच्या वजनात अडकलेला. एखादा किलो जास्त भरला तर तिच्या दुधाचे डबे काढायचे की माझी पुस्तकं, हे ठरत नव्हतं.

"का हो आत्या?" मी विचारलं, विचारायचं म्हणून.

"अगं, तिकडच्या भाषेत..."

"आत्या, प्रत्येक नावाचा कुठल्या ना कुठल्या भाषेत काहीतरी अर्थ निघतोच," मी म्हणाले. "माझ्या आईचं नाव आहे ते. तिलाही सगळे सुमूच म्हणायचे."

माझी आई, सुमन, माझ्या बाळंतपणाच्या चार महिने आधी गेली. आत्यांना ते माहीत होतं. त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं.

त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत, सगळ्या मंडळीच्याच आत्या. टांझानियातल्या एका मिशन दवाखान्यात अकरा वर्षं नर्स होत्या, आणि परत आल्यापासून त्यांना इथलं काहीच पसंत नव्हतं. पाळकांचा उपदेश लांबतो, तबला गाण्याच्या पुढे पळतो, प्रभुभोजनाची भाकर जाड कापतात. त्यांचं ऐकताना मान हलवायची आणि विसरून जायचं, अशी आम्हा सगळ्यांना सवय झाली होती.

"बरं, दुसरं तरी ऐक," त्या म्हणाल्या. "तिथल्या बाया जे देतील ते खा. तू खा, पोरीलाही खाऊ दे. त्यांचं मन असतं त्यात."

"हो आत्या," म्हणून मी पुढच्या माणसाला सलाम केला.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे पती जयवंत बायबलचे शिक्षक. इथल्या एका छोट्या मिशन संस्थेनं त्यांना टांझानियातल्या एका तळ्याकाठच्या गावी पाठवायचं ठरवलं होतं. खेड्यापाड्यांतल्या सेवकांसाठी तिथे एक शाळा नुकतीच सुरू झाली होती. निरोपाच्या उपदेशात पाळक म्हणाले होते, दीडशे वर्षं लोक समुद्र ओलांडून आपल्याकडे येत राहिले, आता आपली पाळी. बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले, पण माझं कारण निराळं होतं. जयवंतना पाचारण झालं होतं. मला झालं होतं की नाही, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. मी मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी केलेलं. लोकांना पाण्यात पाणी दिसतं, मला त्यात वसाहती दिसायच्या. नकाशावर तो निळा तलाव जयवंत बोटानं दाखवत, आणि माझ्या डोक्यात त्यातल्या किड्यांची नावं सुरू होत.

पोचल्यावर पहिला आठवडा म्वांझा शहरातल्या एका अतिथिगृहात गेला. एक पेटी विमानानं दुसरीकडेच नेली होती, तीच नेमकी डब्यांची. रहिवासाचा कागद आज मिळेल, उद्या मिळेल असं चाललं होतं. जयवंत रोज कचेरीत जाऊन बसत आणि हसतमुखानं परत येत. त्या हसण्याचा मला राग येई.

"मिळेल गं," ते म्हणत. "इथे सगळं सावकाश होतं."

"दूधही सावकाशच येणार आहे का?"

अतिथिगृहातल्या टेबलापाशी एक मुलगी बसायची. तिनं एकदा इंग्रजीत सुमनचं नाव विचारलं. "सुमू," मी म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. "सुझी?" ती म्हणाली. "नाही. सुमू." तिनं तोंडावर हात ठेवला आणि मान वळवून हसली. मी सुमनकडे बघितलं. पंख्याचा वारा लागू नये म्हणून मी तिला भर उन्हाळ्यात कानटोपी घातली होती. टोपीलाच हसली असणार, म्हणून मी ती काढली. माझी नजर फार बारीक आहे, असं कॉलेजात सगळे म्हणायचे.

जयवंतनी तीन महिने पुस्तकावरून स्वाहिली शिकलेली. त्या पुस्तकात बाजार होता, रस्ता होता, डाकघर होतं. तो एक शब्द नव्हता.

गावात आलो तो गुरुवार होता. तळ्याच्या काठाकाठानं गाव, होड्या, वाळत घातलेली मासळी, आणि उंचावर पत्र्याचं चर्च. तिथले प्रमुख पास्तर जोसिया, साठीचे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी आमच्या दिमतीला गावातल्या शाळेची शिक्षिका दिली, नेएमा. माझ्याच वयाची, इंग्रजी झकास. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं की इथे बाईला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही, तिच्या मुलाच्या नावानं मारतात.

"मुलीचं नाव काय?"

"सुमन."

"मग तू आजपासून मामा सुमाना." ती हसली. "मामा म्हणजे आई."

"आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ."

"मग तुला मिशा लागतील," नेएमा म्हणाली. त्या देशात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

रविवारी सकाळी ती आम्हाला न्यायला आली. मी सुमनच्या डब्यात खिचडी भरत होते. पाणी वीस मिनिटं उकळून बाटलीत भरलं होतं.

"डबा कशाला?" नेएमानं विचारलं. "आज तुमच्यासाठी जेवण आहे. मामा उपेन्दो रांधतेय. उपासनेच्या आधीपासून चुली पेटल्यात."

"सुमूचं पोट नाजूक आहे," असं मला म्हणायचं होतं. पण इंग्रजीत बोलताना मी सुमनला नेहमी डॉटर म्हणायचे, तसंच म्हटलं.

नेएमा डब्याकडे बघत राहिली. मग तिनं आवाज खाली आणला. "तुला सांगून ठेवते. मामा उपेन्दोची होड्यांच्या धक्क्यावर खाणावळ होती. सगळा धक्का तिच्याकडे जेवायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे जेवून गेलेला एक व्यापारी वाटेतच मेला. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. त्याला आधीपासूनच दुखणं होतं, ते त्याच्या बायकोनंही सांगितलं. पण लोकांची जीभ. एकेक करून गिऱ्हाईक तुटलं. कोणी तिला काही बोललं नाही, नुसतं जेवायचं बंद केलं. नवरा नाही, मुलगी लांब दिलेली. आज पास्तरांनी मुद्दाम तिला सांगितलंय. पाहुण्यांच्या पंगतीत सगळं गाव तिच्या हातचं जेवलं की संपलं. मग ती खाणावळ पुन्हा उघडेल."

"किती वाईट झालं तिचं," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

उपासना तीन तास चालली. जयवंतनी पुस्तकातली चार वाक्यं म्हटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी तिथली एक पद्धत आहे, ती मला आधी कोणी सांगितली नव्हती. पहिला माणूस दारातून बाहेर येऊन उभा राहतो. दुसरा त्याचा हात हातात घेऊन त्याच्या शेजारी उभा राहतो. तिसरा दोघांचे हात घेतो. अशी रांग वाढत जाते, प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या हातात गेल्याशिवाय कोणी हलायचं नाही. पास्तर, त्यांच्याशेजारी जयवंत, त्यांच्याशेजारी मी. अडीचशे माणसं यायची होती. मी सुमनला खाली ठेवलं, तिनं माझ्या पदराचं टोक धरलं, आणि मी हात मिळवायला लागले.

साठेक हात झाले असतील. पदर हलका लागला म्हणून खाली बघितलं. सुमन नव्हती.

"अहो, सुमू कुठंय?"

"असेल इथेच. मुलांमध्ये असेल," जयवंत पुढच्या माणसाकडे बघून हसत म्हणाले. "रांग मोडू नकोस, बरं दिसत नाही."

एका म्हातारबाबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ते काहीतरी लांबलचक, प्रेमळ सांगत होते. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. चर्चच्या बाजूला मोठं आंब्याचं झाड. त्याखाली तीन दगडांच्या चुली, पातेली, आणि रांगेतून आधीच सटकलेले भुकेले लोक पानाला बसल्यासारखे चटयांवर बसलेले. वाढणं सुरू झालं होतं. पातेल्यापाशी हिरव्या कापडातली उंच बाई वाकली होती. तिच्या पुढ्यात माझी मुलगी उभी. बाईनं मासळीचा तुकडा मोडला, काटा आहे का ते चिमटीनं चाचपून बघितलं, फुंकर घातली आणि सुमनच्या तोंडापाशी नेला. सुमननं आ केला.

मी ओरडले. पोटातून ओरडले.

"सुमू! सुमू!"

अडीचशे माणसांच्या गलक्यात अशी शांतता मी आजवर कधी ऐकलेली नाही. म्हातारबाबांचे हात गळून पडले. चटईवरच्या एकानं मला विचारल्यासारखं म्हटलं, "सुमू?" मी जोरानं मान हलवली. हो, सुमू. मी रांग मोडून धावले, बोट पुढे करून. बोट माझ्या मुलीकडे होतं. तिच्यामागे मामा उपेन्दो होती, हातात पळी, मागे पातेलं.

मग सगळं एकदम झालं. ताटल्या पडल्या. एक माणूस घशात बोटं घालून वाकला. बायकांनी आपापल्या पोरांच्या हातांतलं हिसकून फेकलं. मी पोचायच्या आत कोणीतरी सुमनला उचललं होतं, तिला पालथं धरून पाठीत थापट्या घालत होतं. दुसरी तिच्या तोंडात बोट घालत होती. सुमन किंचाळत होती. मी तिला ओढून घ्यायला गेले तर दोघींनी मला धरलं, मायेनंच धरलं, पोले पोले म्हणत. हा शब्द मला तेवढा येत होता, वाईट वाटलं, जपून. माझ्या मुलीला हे काय करताहेत ते मला कळेना.

"सुमू," मी छाती पिटत सांगत होते. "शी इज सुमू. माय सुमू. सुमू, सुमू."

जितकं सांगत होते तितके लोक जास्त घाबरत होते. एका माणसानं मोटारसायकल आणली. सुमनला पोटाशी धरून एक बाई मागे बसली, आणि धूळ उडवत ते माझी मुलगी घेऊन निघून गेले. मी मागे धावले. चप्पल कुठे राहिली ते कळलं नाही. वर्षभर अभ्यासलेले सगळे धोके, मलेरिया, जुलाब, दूषित पाणी, सगळे सोडून हे कुठलं संकट होतं, हे मला पळताना सुचत नव्हतं. माझ्याकडे त्या भाषेतले सातच शब्द होते, आणि आठवा मी नकळत बोलत होते.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. मी पोचले तेव्हा सुमनला दूध पाजून ओकायला लावलं होतं. ती टेबलावर बसून हुंदके देत होती आणि दवाखान्याचा माणूस तिच्या डोळ्यांत विजेरी मारत होता. नेएमा माझ्या मागोमाग धापा टाकत आली.

"काय दिसलं तुला?" तिनं माझे दंड धरले. "नीट सांग. तिनं काय घातलं जेवणात?"

"कोणी?"

"तू ओरडत होतीस ना. सुमू आहे, सुमू आहे म्हणून."

"माझ्या मुलीचं नाव आहे ते."

"तिचं नाव सुमाना आहे."

"घरात आम्ही सुमू म्हणतो."

नेएमानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. भिंतीच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "आमच्या भाषेत सुमू म्हणजे विष."

दवाखान्याच्या माणसाला तिनं सांगितलं. तो इतका हसला की विजेरी खाली ठेवावी लागली. दारात जमलेले हसले. मोटारसायकलवाला हसला. सुमनला आणणारी बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि तिनं माझ्या पाठीत एक सणसणीत थाप घातली. मीही हसले असेन. सुटल्यासारखं झालं होतं.

आम्ही परत चर्चपाशी आलो. नेएमानं चबुतऱ्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. हसण्याची लाटच आली. पुरुष मांड्या बडवत होते. पास्तर जोसिया जयवंतच्या खांद्याला धरून डोलत होते. कोणीतरी मागून म्हणालं, "मामा सुमू", आणि पुन्हा हशा. त्या दिवसापासून माझं नाव ते झालं. विषाची आई.

पण चटयांवर कोणी बसलं नाही. पातेल्यात अर्ध्याहून जास्त पुलाव होता. "जेवू या," पास्तर म्हणाले. "हो हो," लोक म्हणाले, आणि कोणाला गाय बांधायची होती, कोणाला लांब जायचं होतं. सांडलेल्या भातावर गावची कुत्री आली होती. लोक हसत हसत उभे होते, आणि उभ्या उभ्या कुत्र्यांकडे बघत होते.

मामा उपेन्दो हसली नाही. ती ताटल्या गोळा करत होती, एकात एक घालत, उष्टं निपटून. मी तिच्याजवळ गेले आणि "पोले" म्हणाले. तिनं मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"भाषेचा घोटाळा," घरी आल्यावर जयवंत म्हणाले. "महिन्याभरात विसरतील. उलट आपण सगळ्यांच्या लक्षात राहिलो."

"आपण राहिलो. तिचं काय?"

"अनू, सगळ्यांना कळलंय की ते नाव होतं. कोणी तिच्यावर आळ घेतलाय का?"

नव्हता घेतला, हेच तर होतं. घेतला असता तर खोडता आला असता. पुढच्या महिन्यात लग्न होतं, रांधायला पलीकडच्या गावची बाई आली. पिकाच्या सणाला पास्तरांच्या सुनेनं रांधलं. मी पास्तरांकडे गेले, नेएमाला घेऊन. म्हटलं, तुम्ही उपदेशात एकदा स्पष्ट सांगा, चूक माझी होती.

"सांगू," ते म्हणाले. "पण बघ, सांगितलं तर ज्यांच्या मनात नाही त्यांच्याही मनात येईल."

"मग असंच सोडायचं?"

"सावकाश, मामा सुमू. सावकाश."

जयवंतना म्हटलं, तर ते म्हणाले, मी इथे येऊन तीन महिने झालेत, त्यांच्या मंडळीत मी काय बोलू. मला भांडी आपटावीशी वाटली. आम्ही शुभवर्तमान सांगायला समुद्र ओलांडून आलो होतो, आणि एका बाईची खरी बातमी टेकडीवरून धक्क्यापर्यंत पोचवता येत नव्हती. माझ्याकडे शब्द नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते ते सावकाश होते.

शेवटी मीच गेले. सुमनला कडेवर घेतलं, नेएमाला सोबत घेतलं. धक्क्यावरची खाणावळ म्हणजे चार खांब आणि पत्रा. बाकं उलटी करून एकावर एक रचलेली, पण चूल सारवलेली होती, ताजी. मामा उपेन्दोनं एक बाक उतरवून पुसलं. आम्ही बसलो. मी पाठ केलेलं सगळं बोलले आणि नेएमा सांगत गेली. की माझ्या आईचं नाव सुमन होतं. की ती गेली. की मी अडाणी, भाषा न शिकता आले. की एका म्हाताऱ्या नर्सनं मला सांगून ठेवलं होतं, मी ऐकलं नाही.

मामा उपेन्दोनं सगळं ऐकून घेतलं. आईचं सांगितलं तेव्हा "पोले" म्हणाली. मग तिनं एकच प्रश्न विचारला, अगदी साध्या आवाजात.

नेएमानं ते लगेच सांगितलं नाही. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती विचारतेय, मुलीचं नाव सुमू, ते समजलं. पण हाक का मारलीस?"

तळ्यावर कोणीतरी होडी ओढत होतं. वाळूवर ती घासल्याचा आवाज येत होता.

"हरवली होती म्हणून," मी म्हणाले.

नेएमानं सांगितलं. मामा उपेन्दोनं उत्तर दिलं. "ती म्हणते, नाही. तू तिला बघितलंस, मग ओरडलीस. मी तुझ्या डोळ्यांकडेच बघत होते, म्हणते."

मी सुमनला मांडीवर नीट बसवलं. नेएमानं माझी बाजू घेतली नाही. त्या सकाळी डब्याचं झाकण लावताना तिनं मला बघितलं होतं.

मामा उपेन्दो उठली. चुलीवरच्या भांड्यातून तिनं एका ताटलीत पिठाचा गोळा आणि मासळीचं कालवण वाढून आणलं. माझ्यासमोर ठेवलं. मग स्वतः खाली बसून त्याच ताटलीतून तिनं दोन घास खाल्ले, सावकाश, गिळले ते मला दिसेल असे. आणि ताटली माझ्याकडे सरकवली. असं तिला कोणासमोर करावं लागलं नसेल. त्या व्यापाऱ्यानंतरही नसेल.

मी खाल्लं. रस्सा टोमॅटोचा, जरा आंबट, आणि मासळी अशी की आमच्याकडच्या कोणी खाल्ली असती तर दुसऱ्यांदा मागितली असती. मी दोन घास खाल्ले, चार खाल्ले. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं एक तुकडा मोडला, चिमटीनं काटा चाचपला, फुंकर घातली आणि सुमनपुढे धरला. तिथेच थांबली. माझ्याकडे बघितलं.

सुमननं आ केला.

त्या भांड्यात पाणी कुठलं होतं, तळ्याचं की विहिरीचं, हे माझ्या डोक्यात आलं. तुकडा उकळत्यातून आलाय, त्यात काही जगणार नाही, हे मला बीएस्सीत शिकवलेलं होतं, तेही आलं. आणि माझा हात आपोआप सुमनच्या तोंडावर गेला. जेमतेम गेला. माशी हाकलावी तसा.

"आत्ताच जेवलीये," मी म्हणाले.

नेएमानं ते सांगितलं की नाही, मला आठवत नाही. सांगायची गरज नव्हती. मामा उपेन्दोनं तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि ताटली उचलली.

चौदा महिन्यांनी आमचा रहिवासाचा कागद पुन्हा मिळाला नाही आणि आम्ही परत आलो. जयवंत आजही त्या दिवसाची गोष्ट सभांमधून सांगतात. फार छान सांगतात. दवाखान्याच्या माणसाची विजेरी येते तिथे लोक हसून हसून बेजार होतात, आणि मग ते म्हणतात, म्हणून देवाच्या सेवकानं आधी भाषा शिकावी. मी मागच्या बाकावर असते. भाषेचा त्या दिवशी काही दोष नव्हता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. अडीचशे माणसांना माझी भाषा येत नव्हती, आणि मी काय म्हणाले ते सगळ्यांना बरोबर समजलं होतं.

सगुणाआत्या आम्ही आल्यावर वर्षभर होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "खाल्लं ना तिथल्या बायांच्या हातचं?" मी हो म्हणाले. "आणि पोरीनं?" तेवढ्यात कोणीतरी सलाम करायला आलं.

सुमन आता कॉलेजात आहे. तिला आम्ही सुमन म्हणतो. नेएमाची पत्रं तीन-चार वर्षं येत होती. शेवटच्यात तिनं लिहिलं होतं की तिची बदली झाली, आणि मामा उपेन्दोची बाकं अजून उलटीच आहेत, पण चूल ती रोज सारवते. त्यानंतर पत्र नाही. सेवकांची ती शाळाही आता बंद झाली म्हणतात.

हल्ली आपल्या मंडळ्यांतून बरेच जण तिकडे जातात, कोणी सेवेला, कोणी नोकरीला. तुमच्यापैकी कोणी म्वांझाला गेलंत, तर तळ्याच्या काठानं दोन तासांवर होड्यांचा एक धक्का आहे, वर टेकडीवर पत्र्याचं चर्च, शेजारी मोठं आंब्याचं झाड. तिथे मामा उपेन्दोचं नाव विचारा. आता ती सत्तरीची असेल. चुलीतून धूर निघतोय का बघा. बाकं सुलटी आहेत का बघा, आणि त्यांवर कोणी जेवायला बसलंय का. कोणी नसलं तर तुम्ही बसा, आणि मला कळवा.

आणि बरोबर लहान मूल असेल, तर त्याला हाक मारू नका. खाऊ द्या.